पाचरीपुरती जागा

मुलांनो, हातातलं ठेवा खाली आणि माझ्याबरोबर एका टेबलाखाली शिरा. खरंच शिरा, डोकं सांभाळून. टेबलावर काय आहे ते सगळ्या जगाला दिसतं. ते उभं कसं राहतं, हे मात्र खाली बसणाऱ्यालाच कळतं.

आता बघा. या टेबलाला चार पाय नाहीत. दोन टोकांना दोन रुंद, जाड फळ्या उभ्या आहेत. त्या दोघींना धरून ठेवायला एक आडवी पट्टी आहे, तुम्ही मांडी घालून बसलात तर गुडघ्याला लागेल इतक्या उंचीवर. पट्टीची दोन्ही टोकं जिभेसारखी काढलेली आहेत. ही जीभ उभ्या फळीतल्या खाचेतून आरपार जाते आणि पलीकडे बाहेर येते, एखाद्या वात्रट मुलीने शेजारणीला वेडावून दाखवावं तशी. बाहेर आलेल्या जिभेला एक भोक आहे, आणि त्या भोकात वरून खाली एक लाकडी पाचर ठोकलेली आहे. झालं. खिळा नाही, स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही कारागीर यंत्राने पाडलेल्या वेलबुट्टीला कंटाळले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: लाकूड लाकडासारखं दिसू दे, सांधा कुठे आहे ते लपवू नका. या पद्धतीला लोक आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, ती जीभ आणि ती पाचर विसरू नका. आपण एरवी म्हणतो ना, "याने माझ्या कामात पाचर मारली"? म्हणजे काम अडवलं. इथे उलटं आहे. पाचर आहे म्हणून टेबल आहे.

हे टेबल खुंटीच्या घरचं. खुंटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती जिथे बसेल तिथून हलायची नाही, म्हणून आईने ते ठेवलं होतं. तिचे बाबा जहाजावर असायचे. त्यांनी हे टेबल बंद पडलेल्या एका छापखान्यातून आणलं होतं, त्यामुळे त्याच्या एका कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग होता. आई कपडे शिवायची. टेबलाच्या अर्ध्या भागावर तिचं शिलाई मशीन आणि कापड, उरलेल्या अर्ध्यावर खुंटीच्या वह्या. वह्यांचा कंटाळा आला की खुंटी टेबलाखाली, पट्टीवर पाय टेकवून. बाबा घरी नसले की तिथे ते असल्यासारखं वाटायचं, असं तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मीही तुम्हाला हळूच सांगतोय.

भाड्याच्या खोल्या. खोली बदलायची वेळ आली की आई खलबत्त्यातला बत्ता घ्यायची, पाचरीला खालून दोन ठोके द्यायची, पाचर वर यायची आणि अख्खं टेबल सुटं होऊन जिन्यातून उतरायचं. नव्या खोलीत पुन्हा जोडायचं. आणि मधल्या काळात, हवा कोरडी झाली की लाकूड आकसायचं आणि टेबल किंचित कुरकुरायचं. मग आई मशीन थांबवून म्हणायची, "खुंटे, दे गं त्याला एक टपली." खुंटी बत्ता घेऊन खाली शिरायची, दोन्ही पाचरींना वरून एकेक टपली द्यायची. पाचर केसभर खाली उतरायची आणि टेबल गप्प. खुंटीला स्वतःलाही आईची टपली अधूनमधून मिळायची, तिचाही साधारण तोच परिणाम व्हायचा.

आता गुण्यामामाची ओळख करून देतो. फार आनंदाने देतोय असं नाही.

गुण्या म्हणजे सुताराचं ते अवजार, कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायचं. खुंटीच्या मामाच्या शर्टाच्या खिशात तो कायम असायचा. मामाचा लाकूडकामाचा कारखाना होता, दारं-खिडक्या, दुकानांची कपाटं असलं सगळं तिथे बनायचं. काम वाईट नव्हतं. पण मामा कुणाच्या घरी गेला की चहा यायच्या आधी त्याचा गुण्या दाराच्या चौकटीला लागलेला असायचा. मग नाक वर. "हे कुणी बसवलं? आंधळ्याने?" शेजाऱ्याची मांडणी त्याला तिरकी दिसायची, शाळेचे बाक म्हणजे सरपण वाटायचं. एकदा तर त्याने वाढदिवसाच्या केकला गुण्या लावला होता आणि केकवाल्या बाईंना तोंडावर सांगितलं होतं की कोपरा बाहेर गेलाय. जगात सरळ असं एकच होतं, ते म्हणजे मामा स्वतः. नाकाने कांदे सोलणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हा नाकाने रंधा मारायचा.

बहिणीच्या टेबलाला तो वर्षानुवर्षं "ठोकळा" म्हणत आला होता. "ताई, या ठोकळ्याला जीभ बाहेर काढायची काय गरज आहे? चांगलं घरंदाज फर्निचर आपले सांधे झाकून ठेवतं." आणि ठोकळ्याला टेकून, ठोकळ्यावर ठेवलेला चहा प्यायचा.

मग एक दिवस एक शोरूमवाला मामाबरोबर आईकडे आला, कारखान्याच्या रस्त्यावर घर लागतं म्हणून. मऊ बोलणारा, अंगठ्या घातलेला माणूस. त्याने टेबल पाहिलं, वाकून पाचर पाहिली आणि त्याचा आवाज आणखी मऊ झाला. अशा टेबलांना हल्ली लोक शोधत येतात, म्हणाला. हे एक आमच्या काचेत ठेवायला मिळालं, तर पुढची सगळी तुमच्याच कारखान्यातून करून घेऊ, दारावर तुमच्या नावाची पाटी लावू.

पाटी म्हटल्यावर मामाला त्या ठोकळ्यात एकाएकी सौंदर्य दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी तो आईला पटवायला हजर. जुनं त्याला द्यायचं, बदल्यात तो तिला नवंकोरं करून देणार. हुबेहूब. हुबेहूब हा शब्द त्याने चहा संपेपर्यंत इतक्यांदा वापरला की खुंटीला त्याचा अर्थच लागेनासा झाला. आईला जुन्याचं प्रेम होतं, पण भावाचा कारखाना नीट चालावा असंही वाटत होतं. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "आधी नवं आण. त्यावर माझी शिवण सरळ आली, तर जुनं ने."

टेबलाखाली बसलेल्या खुंटीने पट्टी दोन्ही हातांनी धरली. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मोठी माणसं टेबलाखाली बसलेल्यांना विचारत नाहीत.

मापं घ्यायला मामाने टेबल सोडवलं. खुंटी बत्ता घेऊन पुढे झाली तर त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, हे काय मसाला कुटायचं काम आहे का म्हणाला, आणि स्वतःच्या रबरी हातोडीने ठोकलं. पट्टी फळीतून बाहेर आली. मामाने जिभेवरच्या भोकाला गुण्या लावला, एकदा, दोनदा, आणि मग असा हसला की जणू चोर सापडला.

"ये, खुंटे, बघ. तुझ्या त्या थोर कारागिराला साधं भोक पाडता आलेलं नाही. फळी संपते इथे. भोक इथून सुरू व्हायला हवं. याने ते आत घेतलंय, फळीच्या पोटात. अर्धं बोट जागा फुकट!"

खुंटीने वाकून पाहिलं. खरंच, जिभेवर फळीचा काळपट ठसा जिथे संपत होता, त्याच्या अलीकडूनच भोक सुरू होत होतं. टेबल जोडलेलं असताना तेवढा भाग फळीच्या आत लपायचा. तिने विचारलं की दोन्ही टोकांना तसंच आहे का. होतं. मग तिने विचारलं की दोन्हीकडे सारखीच चूक कशी झाली.

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू केकनेच उलट उत्तर दिलं होतं. "मूर्ख माणूस चुकतो तेव्हा सातत्याने चुकतो," तो म्हणाला, आणि मापांच्या कागदावर त्या चुकीपुढे फुली मारली.

नंतरचे दिवस खुंटी शाळा सुटली की कारखान्यात जायची. टेबल कसं होतं ते तिला बघायचंच होतं. आपल्या वैरिणीचे कपडे कसे शिवले जाताहेत ते आपण बघतो तसं. खरं सांगायला हवं, की लाकूड मामाने चांगलं आणलं होतं. ओक, आणि खोडाच्या मधून उभा चिरलेला, त्यामुळे अंगावर चांदीसारखे चट्टे उमटलेले. रंधा फिरला की ते ओल्या माशासारखे चमकायचे. खुंटीला ते आवडलं आणि आवडलं म्हणून रागही आला.

पण पुढे काय झालं ते ऐका. टेबल उभं राहिलं, आणि मामाने त्याला म्हातारं करायला घेतलं. एक सायकलची साखळी आणली आणि त्या कोवळ्या, गुळगुळीत लाकडावर सपासप मारायला लागला. ओरखडे हवेत ना, शंभर वर्षांचे. कडक चहाचं पाणी करून सांध्यांत भरलं. मग खुंटीच्या घरी जाऊन जुन्या टेबलाच्या डागावर पातळ कागद ठेवून त्याने डाग गिरवून आणला आणि ब्रशाने नव्या टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर तो डाग काढला, प्रत्येक ओघळासकट. ओघळ काढताना त्याची जीभ बाहेर आली होती. खुंटीला म्हणाला, घे, तूही मार दोन साखळ्या, मजा येते. तिने एकदा मारली. कुणाचा काही अपराध नसताना त्याला बदडल्यासारखं वाटलं, आणि तिने साखळी खाली ठेवली.

बघा हं काय झालं होतं. छापखान्यात कुणाच्या तरी हातून चुकून शाई सांडली होती, ती मामाने हुबेहूब उतरवली. आणि कुणीतरी मुद्दाम आत घेतलेलं भोक होतं, ते त्याने दुरुस्त केलं.

टेबल घरी आलं तेव्हा शोरूमवालाही आला. जुनं आणि नवं शेजारी शेजारी मांडली. मामा बाजूला उभा राहिला, हात मागे बांधून, स्वतःच्या पुतळ्याचं अनावरण असल्यासारखा. आणि खोटं कशाला बोला, दोन्ही जुळी दिसत होती. शोरूमवाल्याने दोनदा चुकीच्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि दोन्हीदा मामा खुदकन हसला. खुंटी जुन्याच्या पट्टीवर हात ठेवून उभी होती. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग मशीन उचलून नव्या टेबलावर ठेवलं, कापडाचा तुकडा घातला आणि मशीन चालवलं.

पहिल्या वीतभर शिवणीत काही नव्हतं. मग टेबल डुलू लागलं. फार नाही, बोटीत बसल्यासारखं. मशीन जोरात चाललं तशी डुलणी वाढली, आणि आईने कापड वर धरलं तेव्हा शिवण सापासारखी वळवळत गेलेली होती.

"जमीन तिरकी आहे तुझी," मामा म्हणाला.

आईने मशीन उचलून शेजारच्या जुन्या टेबलावर ठेवलं. तीच जमीन. शिवण दोऱ्यासारखी सरळ आली. मग ती शांतपणे एवढंच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

शोरूमवाला खाकरला. मामाचे कान लाल झाले. पाचर सैल असेल, म्हणाला, आणि हातोडी काढून नव्या टेबलाच्या पाचरीवर ठोका घातला. पाचर हलली नाही. ती आधीच भोकात गच्च बसली होती, पण स्वतःपुरती. फळीला ती दाबतच नव्हती. खुंटीने ते पाहिलं आणि म्हणाली, "मामा, मारू नकोस. ती आता पुढे जाणार नाही." मामाने आणखी जोरात मारलं. तिसऱ्या ठोक्याला जिभेचं टोक कडकन उभं चिरलं आणि पाचर उडून कपाटाखाली गेली.

 मग मामा बोलला. लाकूड ओलं दिलं त्या चोराने. हवा दमट आहे. आणि सगळं सांगून झाल्यावर त्याची नजर खुंटीवर गेली.

"हिनेच काहीतरी पाचर मारलीय," तो म्हणाला. "रोज येऊन बसत होती कारखान्यात. हिला जुनं द्यायचं नव्हतं ना!"

तुमच्यावर कधी असा आळ आलाय? आला असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, आधी कान गरम होतात आणि मग डोळे. खुंटीला जुनं द्यायचं नव्हतं, हे खरंच होतं. म्हणून तर ते जास्त लागलं. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खुंटे, तू काही केलंस?" आवाजात राग नव्हता, पण प्रश्न होता.

खुंटी स्वयंपाकघरात गेली आणि बत्ता घेऊन आली. जुन्या टेबलाखाली शिरली. पाचरीला खालून दोन ठोके दिले, पाचर वर काढली, आणि भोक रिकामं केलं. मग खालूनच म्हणाली, "मामा, इथे बोट घाल."

मामा वाकेना. इस्त्रीची पँट होती, शिवाय टेबलाखाली शिरायची त्याला सवय नव्हती. पण शोरूमवाला अंगठ्या सांभाळत खाली बसला आणि त्याने बोट घातलं, तेव्हा मामाला बसावंच लागलं. त्याचं बोट भोकातून आत गेलं आणि फळीच्या पोटात, जिथे त्याच्या मते काहीच असायला नको होतं, तिथे त्याला पोकळी लागली. अर्धं बोट रिकामी जागा.

"टपली मारली की पाचर खाली जाते," खुंटी म्हणाली. "जाड होत जाते ना ती वर. मग ती फळीला आत ढकलते. आतल्या बाजूला जागा आहे म्हणून ढकलता येतं. तुझ्या भोकाला जागाच नाही. ती कुणाला ढकलणार?"

मामाने बोट भोकात मागेपुढे फिरवून पाहिलं. कुणाला वाटेल की आता तो म्हणेल, चुकलो रे बाबांनो. गोष्टींत माणसं तसं म्हणतात. मामाने बोट बाहेर काढलं, पँट झटकली आणि म्हणाला, "हं. म्हणजे त्या कारागिराला लाकूड आकसेल अशी भीतीच होती. पक्कं काम करणाऱ्याला जागा सोडावी लागत नाही."

शोरूमवाला हसला नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दोन्ही टेबलं आपल्या कामाची नाहीत, एक विकायचं नाही आणि एक विकण्यासारखं नाही, असं त्याने मऊ आवाजात सांगितलं आणि जिना उतरला. पाटीची गोष्ट त्याच्याबरोबर खाली गेली.

आई भावाला म्हणाली, बस, चहा टाकते. तो बसला नाही. जाळा ते नवं, म्हणाला. हत्यारांची पेटी तिथेच ठेवून तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबला. जायचं कुठे, हे बहुधा त्याला सुचत नव्हतं. खिशातला गुण्या काढून तो बोटांत फिरवत राहिला. समोर दाराची चौकट होती, पण त्याने तो तिला लावला नाही.

खुंटीने जुन्या टेबलाची पाचर परत बसवली, वरून एक टपली दिली. मग ती नव्या टेबलाकडे वळली. चांदीचे चट्टे साखळीच्या ओरखड्यांखालून अजून चमकत होते. एक जीभ चिरली होती. दुसऱ्या टोकाची शाबूत होती. तिने त्या बाजूची पाचर काढली, फळी ओढून पट्टी मोकळी केली आणि मांडीवर आडवी घेतली. फळीचा ठसा जिथे संपत होता त्या रेघेवर तिने बोट आडवं ठेवलं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. बोटाच्या अलीकडच्या कडेने पेन्सिलीने दुसरी रेघ मारली, भोक तिथपर्यंत आत न्यायला. मामाच्या पेटीतून लाकूड कोरायची पटाशी काढली आणि मामा करायचा तशीच तिची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.

"वाकडं जाईल," दारातून मामा म्हणाला. गुण्या त्याने पुढे केला होता.

खुंटीने मान वर केली नाही. पटाशी रेघेवर उभी धरली, बत्ता उचलला आणि तिला एक टपली दिली.